प्रीकॅल्क्युलस उन्हाळ्यात उरकावं का? एबी, बीसी आणि हायस्कूलच्या गणिताची घाई

निळीशाई

नमस्कार. लेक नववीत आहे. अल्जेब्रा २ ऑनर्स जूनमध्ये संपेल, ग्रेड ए मायनस. शाळेच्या काउन्सेलरने दोन वाटा सांगितल्या आहेत. पहिली म्हणजे दहावीत वर्षभर प्रीकॅल्क्युलस आणि अकरावीत एपी (अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये घेता येणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) कॅल्क्युलस. दुसरी, उन्हाळ्यात सहा आठवड्यांचा ऑनलाइन प्रीकॅल्क्युलस करायचा आणि नवीन वर्षात थेट कॅल्क्युलस बीसीला (एपी कॅल्क्युलसच्या एबी आणि बीसी या दोन कोर्सपैकी मोठा) बसायचं. तिच्या बऱ्याच मैत्रिणींनी दुसरी वाट धरली आहे, त्यामुळे तिचाही ओढा तिकडेच.

तिला गणित आवडतं. पण परवा लॉगचं गणित सोडवत असताना मी सहज विचारलं, गुणाकाराच्या लॉगची बेरीज का होते गं? तर म्हणाली, "तसा रूल आहे." उत्तर बरोबर आलं होतं. तरी तेव्हापासून माझं मन त्या सहा आठवड्यांना तयार होत नाहीये. नवरा म्हणतो मी उगाच काळजी करते. इथे शिकवणारे लोक आहेत, या वाटेने मुलांना नेलेले पालकही आहेत. काय करावं?

दशमान

आमचा मुलगा दुसऱ्या वाटेने गेला. उन्हाळ्यात प्रीकॅल्क्युलस, दहावीत बीसी, मग कम्युनिटी कॉलेजात मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस. त्याचं उत्तम झालं. फायदा फक्त गणितात झाला असं नाही. एपी फिजिक्स सी हा कोर्स कॅल्क्युलसवर उभा आहे, आणि कॅल्क्युलस आधी झालेलं असल्यामुळे त्याला तिथे भौतिकशास्त्राकडे पूर्ण लक्ष देता आलं. बाकीची मुलं वेग आणि त्वरण शिकता शिकता डेरिव्हेटिव्हही शिकत होती.

मुलाला झेपत असेल तर अडवू नये. येणाऱ्याच गोष्टी वर्षभर पुन्हा ऐकत बसलेलं मूल गणितापासून तुटतं. ते नुकसान ग्रेडमध्ये दिसत नाही, पण होतं.

खडूफळा

मी हायस्कूलमध्ये प्रीकॅल्क्युलस आणि एपी कॅल्क्युलस दोन्ही शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅल्क्युलसच्या वर्गात मुलांचं घोडं अडतं ते कॅल्क्युलसमध्ये नाही. लिमिटची कल्पना बहुतेकांना पटकन कळते. डेरिव्हेटिव्ह म्हणजे त्या क्षणाचा बदलाचा दर, हेही कळतं. अडतं ते त्याच्या पुढच्या ओळीत. १/क्ष चा डेरिव्हेटिव्ह व्याख्येवरून काढायचा म्हणजे १/(क्ष+ह) मधून १/क्ष वजा करायचे आणि त्या सगळ्याला ह ने भागायचं. इथे छेद समान करता आले, तर वर फक्त −ह उरतो, खालच्या ह बरोबर जातो, आणि ह शून्याकडे नेला की −१/क्ष² समोर येतं. ज्याला हे अपूर्णांक हाताळता येत नाहीत त्याच्यासाठी कॅल्क्युलस तिथेच थांबतं. तो शेवटी पॉवर रूल, म्हणजे घातांकाचा तयार नियम, पाठ करतो आणि पुढे जातो.

असंच √(क्ष²+९) चं क्ष+३ करणं. असंच (क्ष+ह)² मधलं २क्षह हे पद गाळणं. रिलेटेड रेट्समधलं शंकूच्या टाकीचं नेहमीचं गणित घ्या: पाणी अमुक दराने भरतंय, पातळी किती वेगाने चढतेय? त्यात डेरिव्हेटिव्हची ओळ एकच असते. त्याआधी त्रिज्या उंचीच्या रूपात लिहावी लागते, ती समरूप त्रिकोणांवरून. मुलं अडतात ती त्रिकोणांपाशी.

त्यामुळे लेकीला पुढे पाठवायचं की नाही हे ग्रेडवर किंवा मैत्रिणींवर ठरवू नका. काही प्रश्न देतो, ते तिला शांतपणे, कॅल्क्युलेटरशिवाय सोडवू द्या:

१. वर लिहिलेला अपूर्णांक सोपा करणे.
२. साइन २थ = साइन थ, ० ते २पाय मधली सगळी उत्तरं (२पाय सोडून).
३. (क्ष²−४)/(क्ष−२) चा आलेख काढणे, आणि क्ष = २ ला काय होतं ते तोंडी सांगणे.
४. २ चा घात क्ष आणि क्ष² यांतलं पुढे कोण जास्त वेगाने वाढतं, आणि कशावरून?

दुसऱ्यासाठी तिला साइन २थ = २ साइन थ कोसाइन थ हे सूत्र लागेल, अल्जेब्रा २ मध्ये झालं नसेल तर तुम्हीच सांगा. उत्तर किती बरोबर आलं यापेक्षा ती अडल्यावर काय करते ते बघा.

मधलीसुट्टी

खडूफळा, मस्त प्रतिसाद. आमचं अजून मिडल स्कूल आहे. एबी आणि बीसीत नेमका फरक काय? बीसी म्हणजे एबीच्या पुढचं वर्ष का?

खडूफळा

पुढचं वर्ष नाही, हा गैरसमज खूप आहे. बीसीत एबी पूर्ण येतं: लिमिट, डेरिव्हेटिव्ह आणि त्याचे उपयोग, इंटिग्रल, डिफरन्शियल इक्वेशन, क्षेत्रफळ आणि घनफळ. शिवाय इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन, ऑयलरची पद्धत, लॉजिस्टिक वाढ, पॅरामेट्रिक आणि पोलर वक्र, आणि सगळ्यात मोठं म्हणजे अनंत श्रेणी. एपीच्या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या आराखड्यात एबीचे ८ युनिट आहेत, बीसीचे १०. काही शाळा आधी एबी घेऊन मग बीसी देतात, काही प्रीकॅल्क्युलसनंतर थेट बीसी. दोन्ही चालतं.

परीक्षेचा साचा सारखाच. ४५ बहुपर्यायी प्रश्न, ६ लेखी प्रश्न, दोन्हींना निम्मं निम्मं वजन. बहुपर्यायीतले ३० आणि लेखीतले ४ कॅल्क्युलेटरशिवाय. बीसीला बसलेल्या मुलाला एबीच्या भागाचा वेगळा सबस्कोअरही मिळतो, म्हणजे श्रेणीत घसरलं तरी बाकीचं किती पक्कं आहे ते दिसतं.

अनंतश्रेणी

मी एका स्टेट युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाच्या मुलांना कॅल्क्युलस शिकवते. निळीशाई, तुमच्या लेकीचं "तसा रूल आहे" हे उत्तर मी दर सेमिस्टरला ऐकते, आणि ही मुलं हुशार असतात, एपी करून आलेली असतात. म्हणून तुम्ही जे टिपलंत ते महत्त्वाचं आहे.

प्रीकॅल्क्युलसकडे लोक कॅल्क्युलसच्या आधीची किरकोळ तयारी म्हणून बघतात. माझं मत अगदी उलट आहे. अल्जेब्रा २ पर्यंत मूल समीकरणं सोडवतं, क्ष ची किंमत काढतं. प्रीकॅल्क्युलसमध्ये पहिल्यांदा ते फंक्शनकडे एक अख्खी वस्तू म्हणून बघायला शिकतं. त्याला सरकवायचं, ताणायचं, उलटं करायचं, एकात दुसरं घालायचं. हे "एकात दुसरं" ज्याला दिसत नाही त्याला चेन रूल (एका फंक्शनच्या आत दुसरं असताना डेरिव्हेटिव्ह काढायचा नियम) कधीच नीट येत नाही. साइन(क्ष²) आणि (साइन क्ष)² यांत आत कोण आणि बाहेर कोण, एवढाच चेन रूलचा सगळा प्रश्न असतो, आणि तो प्रीकॅल्क्युलसचा प्रश्न आहे.

रेडियनचंही तसंच. बहुतेक मुलांना वाटतं रेडियन म्हणजे अंशांऐवजी वापरायचं दुसरं एकक, शिक्षक सांगतात म्हणून वापरायचं. पण साइनचा डेरिव्हेटिव्ह कोसाइन येतो तो फक्त रेडियनमध्ये. कोन अंशांत मोजला तर प्रत्येक वेळी पाय/१८०, म्हणजे साधारण ०.०१७४५, हा गुणक मागे लागतो. का? कारण रेडियनमध्ये कोन म्हणजेच एकक वर्तुळावरच्या कंसाची लांबी, आणि कोन अगदी लहान झाला की साइन आणि कंस जवळजवळ एकच होतात. एकक वर्तुळावर महिनाभर रमलेल्या मुलाला हे वाक्य ऐकताक्षणी दिसतं. ज्याने साइन-कोसाइनचा तक्ता दोन दिवसांत पाठ केला त्याच्यासाठी ती अजून एक पाठ करायची ओळ.

आणि ई ही संख्या! २.७१८ हा आकडा कुठून आला हे विचारलं तर कोणी चक्रवाढ व्याजाचं सूत्र सांगतं, कोणी काहीच नाही. प्रीकॅल्क्युलसमध्येच एक सुंदर प्रयोग करता येतो. ० च्या अगदी जवळ २ चा घात क्ष किती दराने वाढतो? साधारण ०.६९३. आणि ३ चा घात? साधारण १.०९९. म्हणजे २ आणि ३ च्या मध्ये असा एक पाया असलाच पाहिजे की जिथे हा दर बरोबर १ येतो. तोच ई. यासाठी फक्त कॅल्क्युलेटर आणि एक निवांत तास लागतो. सहा आठवड्यांच्या कोर्समध्ये नेमका तो तास नसतो.

दशमान

अनंतश्रेणी, तुम्ही लिहिलेलं पटतं. पण मग हे सगळं शाळेतल्या वर्षभराच्या कोर्समध्ये शिकवलं जातं का? आमच्या इथला प्रीकॅल्क्युलसचा वर्ग बघितला तर अर्धं वर्ष अल्जेब्रा २ चीच उजळणी होती. मुलाने गणिताच्या स्पर्धांसाठी भरपूर सराव केलेला होता, त्यामुळे खडूफळांचे चारही प्रश्न त्याने तेव्हा सोडवले असते. अशा मुलाला वर्षभर कशासाठी थांबवायचं?

अनंतश्रेणी

अशा मुलाला थांबवूच नये. त्याचं प्रीकॅल्क्युलस कोर्सच्या आधीच झालेलं होतं, उन्हाळ्यात फक्त शिक्का बसला. माझा मुद्दा ज्यांचं ते झालेलं नाही त्यांच्याबद्दल आहे.

या निमित्ताने गारफील्ड हायस्कूलची आठवण करून देते. ईस्ट लॉस एंजेलिसमधली ही शाळा, बहुतेक मुलं कष्टकरी मेक्सिकन-अमेरिकन घरांतली. हायमे एस्कलांते हे तिथले गणिताचे शिक्षक. १९८२ मध्ये त्यांची १८ मुलं एपी कॅल्क्युलस पास झाली, आणि परीक्षा घेणाऱ्यांनी त्यांतल्या १४ जणांवर कॉपीची शंका घेतली. १२ मुलं पुन्हा परीक्षेला बसली आणि बाराही पास झाली. लोकांना एवढाच भाग माहीत असतो. त्यामागे काही वर्षं खालच्या वर्गांतलं अल्जेब्रा, भूमिती, ट्रिग (त्रिकोणमिती) सुधारण्याचं काम होतं. त्यांच्या कॅल्क्युलसच्या पहिल्या तुकडीत परीक्षेला जेमतेम पाच मुलं होती आणि त्यांतली दोन पास झाली होती. कॅल्क्युलसच्या यशाचं श्रेय मी त्या खालच्या वर्गांना देते.

दशमान

पण एस्कलांते यांच्या मुलांनीही उन्हाळी वर्गांतूनच मधले कोर्स पुरे केले ना? शेजारच्या ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजात ते वर्ग भरायचे. त्यांना उन्हाळा चालला, मग आपल्या मुलांना का नको?

अनंतश्रेणी

बरोबर आहे तुमचं, आणि हा मुद्दा विचारात घ्यायलाच हवा. उन्हाळा वाईट नाही. ते वर्ग रोज तासन्‌तास, शिक्षकासमोर बसून आणि त्या एकाच विषयासाठी होते. पुढे कॅल्क्युलसमध्ये तीच शिकवणारी माणसं भेटणार होती, त्यांना मूल कुठे कच्चं आहे ते माहीत होतं. व्हिडिओ दीडपट वेगाने बघायचा, खाली क्विझ द्यायची आणि पुन्हा चुकीची उत्तरं बदलून गुण भरायचे, असला ऑनलाइन कोर्स म्हणजे तो उन्हाळा नव्हे. निळीशाई, तुम्हाला सांगितलेला कोर्स कोणत्या प्रकारचा आहे ते आधी विचारा. परीक्षा समोर बसून घेतात का? लिहून दिलेलं काम कोणी माणूस तपासतो का?

पडवी

मला इथे कॉलेज प्रवेशाबद्दल लिहायचंय, कारण ही घाई खरं तर तिथून येते. कॅल्क्युलस नसेल तर चांगलं कॉलेज मिळणार नाही, ही भीती.

भीती पूर्ण निराधार नाही. इंजिनिअरिंगला जायचं असेल आणि शाळेत कॅल्क्युलस उपलब्ध असेल तर ते घेतलेलं असावं, अशी बऱ्याच ठिकाणी अपेक्षा असते. पण दहावीत की बारावीत याने फारसं बिघडत नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची प्रवेशाची किमान अट ३ वर्षांच्या गणिताची आहे, शिफारस ४ वर्षांची. गणिताच्या शिक्षकांच्या दोन मोठ्या संघटनांनी, एमएए आणि एनसीटीएम यांनी, २०१२ मध्ये एकत्र भूमिका मांडली होती की शालेय गणिताचं अंतिम ध्येय बारावीपर्यंत कॅल्क्युलस उरकणं हे नसावं, पुढे काहीही शिकायचं ठरवलं तरी पुरेल असा पाया हे असावं. कॅलटेकसारख्या संस्थेनेसुद्धा २०२३ मध्ये हायस्कूल कॅल्क्युलसचा कोर्स झालेलाच हवा ही अट काढली. तिथे कॅल्क्युलस यावं लागतंच, पण ज्यांच्या शाळेत तो कोर्स नाही त्यांना ते दुसऱ्या मार्गाने दाखवता येतं.

उलट टोकही चांगलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांनी २०१४ मध्ये आठवीतला अल्जेब्रा १ बंदच केला, सगळ्यांनी नववीत घ्यायचा. अल्जेब्रा १, जिऑमेट्री, अल्जेब्रा २, प्रीकॅल्क्युलस अशी चार वर्षं झाल्यावर कॅल्क्युलसला जागाच उरेना. मग ज्यांना परवडतं ते बाहेर पैसे भरून कोर्स करू लागले, किंवा एका वर्षात दोन कोर्स. पालकांनी बरीच वर्षं आवाज उठवल्यावर २०२४ मध्ये आठवीतला अल्जेब्रा १ परत आणायचा निर्णय झाला. म्हणजे सगळ्यांना अडवूनही प्रश्न सुटत नाही.

एमआयटीबद्दल नेहमी विचारलं जातं म्हणून सांगते: बीसीला ५ (एपीतला सर्वोच्च स्कोअर) असतील तर तिथे पहिल्या कॅल्क्युलसचं क्रेडिट मिळतं, एबीला नाही. प्रत्येक कॉलेजचं वेगळं आहे, साइटवर बघा.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर लेकीला खडूफळांचे चार प्रश्न दिले.

पहिला तिने बरोबर सोडवला, फक्त वजाचं चिन्ह दोनदा तपासलं. तिसऱ्यात आलेख सरळ रेषा काढला आणि क्ष = २ ला "एरर येईल" म्हणाली. रेषेवर तिथे भोक राहील, बाकी रेषा तशीच, हे मी सांगितल्यावर चटकन पटलं. चौथ्याला तिने तक्ता मांडला आणि २ ते ४ मध्ये क्ष² पुढे आहे हे बघून तिलाच नवल वाटलं. मग मोठ्या संख्या घालत बसली, बराच वेळ.

दुसऱ्यात मात्र तिने दोन्ही बाजूंना साइन थ ने भागलं आणि दोनच उत्तरं काढली, पाय/३ आणि ५पाय/३. थ = ० घालून बघ म्हटलं तर ० = ० आलं. "मग हे उत्तर कुठे गेलं?" असं म्हणून ती अर्धा तास त्याच्यामागे लागली. झोपायच्या आधी तिला सापडलं की भागताना साइन थ शून्य असू शकतो. खूप खूश झाली. मैत्रिणींना पाठवलं तिने ते गणित.

खडूफळा

हे वाचून फार आनंद झाला. चार उत्तरं आहेत: ०, पाय, पाय/३ आणि ५पाय/३. शून्याने भागल्यामुळे हरवलेली दोन उत्तरं तिने स्वतः शोधली, हे ए मायनसपेक्षा कितीतरी जास्त सांगून जातं. अशी मुलगी वर्गात असावी असं कुठल्याही शिक्षकाला वाटेल.

माझं मत विचाराल तर दहावीत वर्षभर प्रीकॅल्क्युलस, अकरावीत थेट बीसी. तिला कमी येतं म्हणून हे सांगत नाहीये. तिला शोधायला आवडतं, आणि प्रीकॅल्क्युलस हे शोधायचं वर्ष आहे. बारावीत स्टॅटिस्टिक्स किंवा मल्टिव्हेरिएबल, दोन्हींना जागा राहते.

एक मात्र नक्की करा. दशमान म्हणतात तसा उजळणीचा वर्ग निघाला तर तिला वर्गाबाहेर काहीतरी द्या. अनंतश्रेणींचा ई चा प्रयोग द्या. नाहीतर सांगा की लॉगचा रूल स्वतः सिद्ध करून दाखव. घातांकांच्या बेरजेपासून सुरुवात केली की चार ओळींत होतो.

आणि उत्तराबरोबर कारण लिहायची सवय आत्तापासून लावा. एपीच्या लेखी प्रश्नांत "फंक्शन आधी वर जातं मग खाली येतं म्हणून कमाल किंमत" असं लिहिलेलं चालत नाही. "इथे डेरिव्हेटिव्ह धनाचा ऋण होतो म्हणून" असं लिहावं लागतं, आणि कुठल्या फंक्शनचा तेही नाव घेऊन. नुसतं "ते वाढतंय" लिहिलं तर तपासणाऱ्याला "ते" म्हणजे कोण हे कळत नाही आणि गुण जातो. डिफरन्शियल इक्वेशनमध्ये इंटिग्रेशनचा स्थिरांक विसरला की त्यापुढचे बरेच गुण एकदम जातात. लेखी प्रश्न प्रत्येकी ९ गुणांचे असतात, आणि चांगल्या मुलांचे गुण जास्त करून असेच कमी होतात.

दशमान

निळीशाई, लेकीचं कौतुक. तिच्यासाठी वर्षभराचा कोर्सच योग्य वाटतोय, माझी हरकत नाही. मुलाने वापरलेल्या स्पर्धांच्या सरावाच्या प्रश्नांची माहिती वेगळ्या निरोपात पाठवतो, तिला आवडतील.

मधलीसुट्टी

शेवटचा प्रश्न. आता एपी प्रीकॅल्क्युलस पण निघालंय म्हणे. साधं ऑनर्स घ्यावं की एपी?

खडूफळा

२०२३-२४ पासून आहे, पहिली परीक्षा मे २०२४ मध्ये झाली. चार युनिट आहेत: बहुपदी आणि रॅशनल फंक्शन, घातांकी आणि लॉग फंक्शन, ट्रिग आणि पोलर, आणि चौथ्यात पॅरामेट्रिक, व्हेक्टर, मॅट्रिक्स. चौथं युनिट परीक्षेत विचारत नाहीत, त्यामुळे काही वर्गांत ते शिकवलंच जात नाही. शाळेला हे जरूर विचारा, कारण बीसीत पॅरामेट्रिक आणि व्हेक्टर लागतात.

आराखडा मला आवडला. पहिल्यापासून बदलाच्या दराबद्दल बोलतो. समान अंतराने पुढे गेलं की रेषीय फंक्शनमध्ये समान बेरीज होते आणि घातांकीमध्ये समान गुणाकार, ही गोष्ट मुलं त्यात नीट शिकतात. परीक्षेत ४० बहुपर्यायी आणि ४ लेखी प्रश्न असतात. पुढे कॅल्क्युलस घेणारच असेल तर प्रीकॅल्क्युलसच्या क्रेडिटचा इंजिनिअरिंगला फारसा उपयोग नाही, तेव्हा फी भरून परीक्षा द्यायची की नाही हे घरात ठरवा. कोर्स निवडताना दोन्ही वर्गांना शिकवणारं कोण आहे ते विचारा आणि जमलं तर एकेक तास बसून बघा. नावात एपी आहे की ऑनर्स, यापेक्षा मुलांना फळ्यापाशी बोलावून कारण विचारलं जातं का, ते तिथे दिसेल.